खुबा बदलल्यानंतर पुन्हा डोंगरात जायचंय? तयारी उताराची करा

खुब्याचा सांधा बदललेल्या माणसाचा ट्रेकबद्दलचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा 'मला चढता येईल का?' हाच असतो. चढण्याची फार काळजी करू नका. चढताना दम लागतो, माणूस थांबतो, पाणी पितो आणि पुन्हा निघतो. सांध्याला त्यात धक्का बसत नाही. घोटाळा होतो तो उतरताना. तोवर पाय थकलेले असतात, ऊन वर आलेलं असतं, खाली गाडी थांबलेली असल्यामुळे घाई असते आणि दर पावलाला अख्खं शरीर एका पायावर तोलून खाली सोडायचं असतं.

सपाटीवर चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीचपट भार येतो. जिना चढता-उतरताना तो थोडासाच वाढतो. पण पाय अडखळला आणि तोल सावरायला सगळे स्नायू एकदम आवळले गेले, की तोच भार सात-आठ पटींवर जातो. आत मोजणी करणारी यंत्रणा बसवलेल्या कृत्रिम सांध्यांवरून हे आकडे मिळालेले आहेत. ७० किलोच्या माणसाच्या खुब्यावर क्षणभर जवळजवळ अर्धा टन! म्हणून गड किती उंच आहे यापेक्षा वाटेत अडखळायच्या जागा किती आहेत, हे आधी बघायचं.

इथलं वेळापत्रक पहिल्यांदाच आणि गुंतागुंतीशिवाय खुबा बदललेल्यांसाठी आहे. सांधा दुसऱ्यांदा बदलला असेल, ऑपरेशनमध्ये हाड तडकलं असेल किंवा तुमच्या सर्जनने काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचं ऐका.

डॉक्टरांकडून आधी काय विचारून घ्यायचं

डिस्चार्जच्या कागदावर बरंच लिहिलेलं असतं, पण ते कुणी समजावून सांगत नाही. पुढच्या तपासणीला जाताना प्रश्न लिहूनच न्या.

पहिला प्रश्न: सांधा मागून उघडला, पुढून की बाजूने? मागून उघडला असेल तर तीन हालचाली एकत्र होऊ द्यायच्या नाहीत: खुब्यात ९० अंशांपेक्षा जास्त वाकणं, गुडघा शरीराच्या मध्यरेषेपलीकडे जाणं आणि पाऊल आत वळणं. बुटक्या स्टुलावर बसून, पुढे वाकून, गुडघा आत घेऊन बुटाची नाडी बांधताना या तिन्ही एकदम होतात. पुढून उघडला असेल तर धोका उलटा असतो. पाय मागे राहिलेला आणि पाऊल बाहेर वळलेलं असताना अंग फिरवायचं नाही. वाटेत मागून हाक आली की माणूस नेमका असाच वळतो. बाजूने उघडला असेल तर खुब्याच्या बाहेरचा स्नायू सोडवून पुन्हा शिवलेला असतो, त्यामुळे पाय बाजूला उचलायचे व्यायाम विचारल्याशिवाय सुरू करू नका.

दुसरा प्रश्न: सांधा सिमेंटने बसवला आहे की सिमेंटशिवाय? मांडीच्या हाडात सिमेंटशिवाय बसवलेल्या धातूच्या दांड्याच्या खडबडीत पृष्ठभागात तुमचं स्वतःचं हाड वाढून त्याला पकडतं. त्यासाठी पहिले तीन महिने महत्त्वाचे. या काळात उड्या आणि धक्के पूर्ण बंद.

तिसरा प्रश्न गोळ्याच्या, म्हणजे दांड्याच्या टोकावर बसवलेल्या आणि वाटीत फिरणाऱ्या चेंडूच्या मापाचा. २८ मिलिमीटरच्या गोळ्यापेक्षा ३६ मिलिमीटरचा गोळा निखळण्याची शक्यता कमी असते. चौथा हाडांच्या ठिसूळपणाचा. वय साठीच्या पुढे असेल, विशेषतः बायकांच्या बाबतीत, हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली आहे का, हे विचारा. ठिसूळ हाड असलेला माणूस पडला तर कृत्रिम दांड्याच्या बाजूचं हाड मोडतं आणि ती दुरुस्ती मूळ ऑपरेशनपेक्षा अवघड असते.

पाचवा प्रश्न खास आपल्याकडचा. मांडी घालणं आणि उकिडवं बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे दोन्हींबद्दल वेगवेगळं विचारा. मांडीत गुडघे बाहेर असतात. काही सर्जन काही महिन्यांनी ती घालायला परवानगी देतात. उकिडवं बसताना खुबा खूप जास्त दुमडतो. आणि मांडी घातल्यापेक्षा मांडीवरून उठताना जास्त जपायचं असतं, कारण तेव्हा आपण पुढे झुकतो आणि गुडघा आत घेतो.

पहिले सहा आठवडे

या काळाबद्दल हॉस्पिटलमध्ये पुरेसं सांगतात, म्हणून थोडक्यात. एकदाच लांब चालण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा पाच-दहा मिनिटं चाला. खुर्ची इतकी उंच हवी की बसल्यावर गुडघे खुब्याच्या खालीच राहतील. खोल सोफा आणि झोळ पडलेली खाट नको. कमोडवर उंची वाढवणारी सीट बसवा. वळताना ऑपरेशनच्या पायावर गिरकी घेऊ नका, छोटी पावलं टाकत वळा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ठरलेल्या दिवसांआधी बंद करू नका. पोटरी एका बाजूला सुजून दुखू लागली, छातीत दुखलं किंवा अचानक दम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

काठी ऑपरेशनच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरायची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि ऑपरेशनचा पाय आधी. हा क्रम आत्ताच अंगवळणी पाडा, गडाच्या उंच पायऱ्यांवर पुन्हा हाच लागणार आहे.

आधी लंगड घालवा

दुखणं गेलं म्हणजे पाय तयार झाला, हा सगळ्यात मोठा गैरसमज. ऑपरेशनच्या आधी कित्येक वर्षं माणूस लंगडत असतो, त्यात खुब्याच्या बाहेरचा, कंबर सरळ धरून ठेवणारा स्नायू वाळून जातो. नवा सांधा एका दिवसात बसतो. हा स्नायू परत यायला सहा महिने ते वर्ष लागतं.

तपासायची पद्धत सोपी आहे. कपाटाच्या आरशासमोर उभं राहा. दोन्ही हात कमरेवर असे ठेवा की अंगठे मागे आणि बोटं कमरेच्या पुढच्या हाडांवर येतील. बाजूला आधाराला टेबल ठेवा. आता चांगला पाय जमिनीवरून चार बोटं उचला आणि आरशात दोन्ही हातांची पातळी बघा. उचललेल्या पायाच्या बाजूचा हात खाली गेला, किंवा तो जाऊ नये म्हणून खांदे ऑपरेशनच्या बाजूला कलले, तर स्नायू अजून कमजोर आहे. काही जणांचा हात पहिली पाच सेकंद सरळ राहतो आणि मग हळूहळू खाली येतो. सपाटीवर ठीक चालणारा आणि तिसऱ्या किलोमीटरला लंगडू लागणारा माणूस हाच.

सहा आठवड्यांनंतर, परवानगी घेऊन, हे व्यायाम एक दिवसाआड करा:

- चांगल्या कुशीवर, पाठ भिंतीला टेकवून झोपा, गुडघ्यांमध्ये उशी ठेवा. वरच्या पायाची टाच भिंतीला घासत एक फूटभर वर न्या. दोन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली. बोटं समोर असू द्या, छताकडे नकोत. टाच भिंतीपासून सुटली की पाय पुढे येतो आणि भलताच स्नायू काम करू लागतो. दहाचे तीन फेरे.
- पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, कंबर उचला आणि पाच सेकंद धरा. दहाचे तीन फेरे.
- १८ इंची खुर्चीतून हात न टेकता उठा-बसा. दहाचे तीन फेरे. इथे बहुतेक जण नकळत ऑपरेशनचं पाऊल पुढे सरकवतात आणि सगळं वजन चांगल्या पायावर घेतात. शेजाऱ्यांकडून दुसरा वजनकाटा मागून आणा, दोन्ही पायांखाली एकेक ठेवून उठा आणि समोरच्याला आकडे वाचायला सांगा. फरक पाच किलोच्या आत येईपर्यंत पुढचे व्यायाम वाढवू नका.

पाय लांब झाल्यासारखं वाटतं, ही तक्रारही याच काळात येते. बऱ्याचदा आखडलेल्या स्नायूंमुळे कंबर कललेली असते आणि ते वाटणं काही महिन्यांत ओसरतं. घाईने बुटात टाच वाढवून घेतली तर कललेली कंबर तशीच राहते.

उताराचा सराव

साधारण तीन महिन्यांनी हा टप्पा सुरू करा. स्नायू आखडताना एक काम करतो आणि ताणला जात असताना ब्रेक लावण्याचं दुसरं काम करतो. उताराला हे ब्रेक लागतात आणि चढण्याच्या सरावाने ते पुरेसे तयार होत नाहीत.

चार इंच उंचीच्या पक्क्या पायरीवर ऑपरेशनच्या पायाने उभं राहा, बाजूला कठडा धरा. दुसरा पाय पुढे मोकळा सोडा आणि मनात तीन मोजत त्याची टाच खाली जमिनीला नुसती टेकवा, वजन टाकू नका. पुन्हा वर. आठचे तीन फेरे, आठवड्यातून तीन दिवस. तीन गोष्टी बघा: गुडघा अंगठ्याच्या आत जातो का, कंबर एका बाजूला पडते का, शेवटच्या दोन इंचांत पाय धप्पकन सुटतो का. यातलं काहीही झालं तर तुमची पायरी अजून चार इंचांचीच. नीट जमलं की सहा, मग आठ इंच. घरातल्या जिन्याची पायरी सहा-सात इंचांची असते. गडावरची दहा, बारा, कधी पंधरा.

यानंतर इमारतीचा जिना. लिफ्टने वर जा आणि जिन्याने खाली या. ऐकायला विचित्र वाटेल, पण उताराचाच सराव हवा असल्यामुळे हा उत्तम उपाय आहे. सुरुवात दोन मजल्यांपासून, एक दिवसाआड. दर आठवड्याला दोन मजले वाढवत वीस मजल्यांपर्यंत जा. दुसऱ्या दिवशी मांडीचा पुढचा भाग दुखला तर घाबरू नका, ते स्नायूंचं दुखणं आहे आणि दोन दिवसांत जातं.

टेकडी सुरू केल्यावर अंतर, चढ आणि पाठीवरचं वजन यातली एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवा. तिन्ही एकदम वाढवल्या तर दुखू लागल्यावर कशाने दुखलं हेच कळत नाही.

पहिल्या ट्रेकआधी एवढं जमायला हवं: कंबर न कलता ऑपरेशनच्या पायावर ३० सेकंद उभं राहणं; पाच किलोमीटर सपाट चालल्यावर शेवटच्या पाचशे मीटरमध्ये लंगड नसणं (मागून कुणाला तरी बघायला सांगा, स्वतःला कळत नाही); कठडा न धरता दहा मजले एकाआड एक पायाने उतरणं; आणि जमिनीवर पडल्यास एकट्याने उठणं. उठायची पद्धत घरी गादीवर शिका. ओणवं व्हा, चांगला पाय पुढे घ्या, ऑपरेशनचा गुडघा मागे टेकलेलाच ठेवा आणि काठीवर किंवा दगडावर जोर देऊन चांगल्या पायाने वर या. यात नवा सांधा फारसा दुमडत नाही. बहुतेकांना हे सगळं सहा महिन्यांच्या आसपास जमतं, काहींना वर्ष लागतं.

सामान

दोन ट्रेकिंग पोल घ्या, एक नाही. सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी लांबी. चढाला पाच ते दहा सेंटिमीटर कमी, उताराला तेवढीच जास्त. लांबी न बदलता उतरलात तर पोल टेकवायला पुढे वाकावं लागतं आणि तोल तिथेच जातो. कातळावर रबरी बूच लावा, मातीत आणि मुरमात काढा.

बुटाची नाडी वाटेत सुटली की वाकून बांधणं हीच जोखीम असते, म्हणून ताणल्या जाणाऱ्या इलॅस्टिक नाड्या बसवा. सॅक पहिल्या वर्षी पाण्यासकट तीन-चार किलो, नंतरही शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांत. पिशवी हातात धरायची वेळ आलीच तर ती ऑपरेशनच्या बाजूच्या हातात धरा. उलटं वाटतं खरं, पण विरुद्ध हातातल्या वजनाने त्या खुब्याच्या स्नायूवर कितीतरी जास्त ताण येतो.

कुठे जायचं, कोणत्या क्रमाने

पहिला मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यातला शेवाळलेला कातळ आणि ओढ्यातले गोटे पहिल्या वर्षी नकोतच. जळवांचाही विचार करा: रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर चावलेल्या जागेतून बराच वेळ रक्त वाहतं आणि खाजवून चिघळलेली कुठलीही जखम कृत्रिम सांध्याला वाईट, कारण तिथले जंतू रक्तातून सांध्यापर्यंत पोहोचू शकतात. हिवाळ्यातही एक गोष्ट फसवी असते. मुरमावर आडवं पडलेलं वाळकं गवत उताराला ओल्या दगडाइतकंच सटकतं.

सुरुवातीला माथेरान चांगलं. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारी नाहीत आणि पॉइंटांच्या वाटांवर तासन् तास चालता येतं. मुंबईकरांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा डांबरी रस्ता, पुणेकरांना पर्वतीच्या रुंद पायऱ्या. पुढचा टप्पा गाडी वर जाते अशा गडांचा. पन्हाळ्यावर तीन दरवाजा ते सज्जा कोठी फिरा, किंवा सिंहगडावर गाडीने जाऊन पुणे दरवाजा ते कल्याण दरवाजा.

मग खरा चढ, पण एकाच दिशेने. सिंहगड आतकरवाडीच्या वाटेने चढा आणि गाडीरस्त्याने जीपमधून खाली या. रायगड पायऱ्यांनी चढा, रोपवेने उतरा. पहिला मोसम असाच काढावा, असं आमचं ठाम मत आहे. हे ट्रेकमध्ये धरत नाहीत असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. पुढच्या मोसमात लोहगडसारखा पायऱ्यांचा गड चढून-उतरून करा, शनिवार-रविवारची गर्दी टाळून. मागून ढकलत येणाऱ्या गर्दीत पाय जपून टाकता येत नाही. हरिहर आणि कलावंतीण यांच्या खड्या कोरीव पायऱ्या आणि अलंग-मदन-कुलंगसारखे दोर लावायचे गड यादीतून काढून टाका. तिथे गुडघा छातीपाशी न्यावा लागतो आणि पाय सुटला तर दुसरी संधी नसते.

वाटेवर

गुडघ्यापेक्षा उंच पायरी तुमची नाही. बाजूने वाट शोधा, नसेल तर मागे फिरा. गुडघ्याखालच्या उंच पायरीवर उतरताना दोन्ही पोल आधी खालच्या पायरीवर टेकवा, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. घसाऱ्यावर पावलं लहान ठेवा, टाच रोवण्यापेक्षा अख्खं पाऊल टेकवा. आडव्या वाटेवर पायात पाय घालून चालू नका. ट्रेकर मंडळी कातळावरून बसून घसरत उतरतात, ते तुम्ही करायचं नाही. त्यात खुबा पूर्ण दुमडतो आणि पाऊल अडकलं की पिळला जातो.

विश्रांतीला गुडघ्याच्या उंचीचा दगड किंवा तटाचा कट्टा बघा. गावातल्या घरी जेवायला बसताना संकोच न करता खुर्ची मागा किंवा ओट्याच्या कडेला बसा. शौचाची सोय निघण्याआधी ठरवा. मुक्कामाच्या घरी कमोड आहे का ते फोनवर विचारा, नसेल तर घडीचं कमोड स्टूल गाडीत ठेवा. उघड्यावर उकिडवं बसणं हा अख्ख्या ट्रेकमधला सगळ्यात धोक्याचा क्षण असतो, आणि लाजेपोटी त्याबद्दल कुणी बोलत नाही. जीपमध्ये पुढची सीट घ्या, आधी पाठमोरं बसा, मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवा.

निघण्याआधी वेदनाशामक गोळी घेऊ नका. दुखणं हा तुमचा इशारा आहे, शिवाय घामाने पाणी कमी झालेलं असताना यातल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात.

दुखलं तर कुठे दुखतंय ते बघा

मांडीच्या बाहेरच्या उंचवट्यावर, त्या कुशीवर झोपल्यावर दुखत असेल तर तो स्नायू आणि त्याच्या दोरीवरचा ताण. अंतर निम्मं करा, व्यायाम चालू ठेवा. जांघेत, गाडीत बसताना पाय उचलला की दुखत असेल तर पुढच्या स्नायूची दोरी वाटीच्या कडेला घासत असू शकते. हे सर्जनला दाखवा. बसून उठल्यावर पहिल्या चार-पाच पावलांना मांडीच्या मध्यात कळ येऊन मग बरं वाटत असेल, आणि ऑपरेशनला वर्ष उलटून गेलं असेल, तर दांडा सैल झाल्याची शंका येते. एक्स-रे काढल्याशिवाय डोंगरात जाऊ नका. ताप, जखमेतून पाणी किंवा रात्री आरामातही ठणका असेल तर वाट बघायची नाही.

रक्तपुरवठा बंद पडून खुब्याचा मूळ हाडाचा गोळा सुकल्यामुळे खुबा बदलला असेल तर आणखी एक गोष्ट. हा आजार पुष्कळदा दोन्ही बाजूंना होतो. 'चांगल्या' पायाची जांघ दुखू लागली तर जास्त चालल्याने दुखतंय म्हणून सोडून देऊ नका. त्या बाजूचा एमआरआय करून घ्या.

सांधा निखळला तर ते ओळखू येतं: एकदम असह्य कळ, पाय आखूड आणि आत किंवा बाहेर वळलेला, उभं राहणं अशक्य. पाय ओढून बसवण्याचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नका. आहे त्या स्थितीत सॅक आणि कपड्यांचा आधार द्या, खायला-प्यायला काही देऊ नका कारण भूल द्यावी लागेल, आणि १०८ला फोन लावा. गडावर रेंज नसते, त्यामुळे एकटं जायचं नाही. किमान दोघं बरोबर हवेत, एक थांबायला आणि एक खाली जायला. बसवलेल्या सांध्याची माहिती असलेल्या कार्डाचा फोटो तिघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी

अंथरुणातून उठून बाथरूमपर्यंतची पावलं नीट बघा. मांड्या जड आहेत पण चाल सरळ आहे, तर पुढच्या वेळी थोडं वाढवा. दुखणं दहापैकी तीनच्या आत आहे आणि संध्याकाळपर्यंत उतरलं, तर पुढचा ट्रेक एवढाच ठेवा. लंगड दिसली किंवा रात्री त्या खुब्याने जाग आणली, तर आठवडाभर फक्त सपाटीवर चाला, पुढचा ट्रेक निम्म्या उताराचा करा, आणि त्याआधी एकदा आरशासमोर कमरेवर हात ठेवून उभं राहा.